पाच पिवळ्या फरश्या

हॅलो?

हॅलो… कोण? जोरात बोल गं, कुकर लावलाय.

सौम्या? मग सौम्या म्हणून सांग ना आधी. नाव येतं म्हणे फोनवर… आता फोन घ्यायला चष्मा लावू का? बोल.

हो, जागे आहेत. आतल्या खोलीत. पाच आठवडे आडवेच आहेत, उठून जाणार कुठं? रोज तेच विचारतेस, "अप्पा कसे आहेत?" माणूस सकाळी कॉफीला म्हणून दाराबाहेर पडला आणि स्कूटरखाली आला, खुब्याचं हाड मोडलं, आत लोखंड घालून जोडलं. तसे आहेत.

डॉक्टर काय म्हणणार? चालतील म्हणाला. पण एकट्यानं नाही. आता कायम धरायला माणूस लागेल. हे ऐकून तुझ्या अप्पांनी जे तोंड फिरवलं भिंतीकडं… ज्या माणसाला डोळे नसून कुणाचा हात नको होता, त्याला आता संडासापर्यंत मी नेते.

नाही, रागावत नाही मी तुझ्यावर. तुझ्यावर कशाला? माझा राग तुझ्या इंजिनियरवर.

यशोवर्धनच म्हणते. जावई म्हणून अहो-जाहो करायचे दिवस गेले.

का म्हणजे? येलहंक्यात सगळ्या गावाला ठाऊक आहे का ते. झेब्रा केला ना त्यानं आमच्या दारासमोर? पांढरे पट्टे, दोन्हीकडं फुटपाथला उतार, पिवळ्या खडबडीत फरश्या. आंधळ्यांसाठी, चाकाच्या खुर्चीसाठी, सगळं कायद्याबरहुकूम! हार घालून फोटो काढले. आणि पहिला आंधळा जो त्याच्यावरून गेला, तोच आडवा झाला. तोही कोण, तर सख्खा सासरा.

अगं ऐक ना… ऐक आधी. पूर्वी फुटपाथला पायरी होती. हो ना? दहा वर्षं झाली अप्पांचे डोळे जाऊन. त्या पायरीनं कधी दगा दिला? काठी पुढं, काठी खाली गेली की थांबायचं. कान लावायचा. गाड्या गेल्या की पलीकडं. समोरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या बाय-टू कॉफी, अर्धी ह्यांना अर्धी त्या पेपरवाल्याला, आणि परत. तुझ्या नवऱ्यानं ती पायरी फोडली. तेल लावल्यासारखा गुळगुळीत उतार केला. फुटपाथ कुठं संपला आणि रस्ता कुठं लागला, माणसाला कळायचं कसं?

…काय?

हां. ठिपक्यांच्या फरश्या.

हो, असतात. उताराच्या टोकाला असतात म्हणे. मग?

मग विचार ना नवऱ्याला! नकाशात होत्या ना? रस्त्यावर का नव्हत्या?

मी कुठं आवाज चढवतेय? माझा आवाजच असा आहे.

बरं. सांग. काय झालं?

नोटीस? कधी?

येणारच होती. मीच तक्रार केली होती. शेजारच्या पद्माकररावांना सांगितलं, छान कडक इंग्रजीत लिहा, आणि खाली गोजराबाई म्हणून माझं नाव घाला. त्यांनी ईमेल केली. जावई असला म्हणून काय झालं? हाड काय जावई बघून मोडतं?

…कामावरून काढणार?

काढतील. चार दिवस बसेल घरी. अप्पा तर जन्माचे बसलेत.

रडू नको. सौम्या… रडतेस कशाला? अगं त्याचं शिक्षण आहे, दुसरीकडं मिळेल. बेळ्ळंदूरकडं काय कमी रस्ते खणतायत?

कुठंच घेणार नाहीत? असं कसं? एका चुकीसाठी?

लिहून दिलं? त्यानंच? काय लिहिलं?

"देखरेखीत माझी चूक झाली."

…बरं केलं. खरं तेच लिहिलं.

आता "आई, खरं सांग" काय? मी काय खोटं सांगतेय? तुझ्या अप्पांसारखी भोळी नाही मी. पोलिसाला काय म्हणाले ठाऊक आहे ना? "माझंच चुकलं, साहेब. फुटपाथवर कुणी स्कूटर लावली होती, तिला वळसा घालताना पावलं मोजायची चुकलो." हाड मोडून पडलाय माणूस आणि जावयाला वाचवतोय!

कोण कृष्णमूर्ती?

हां, तो गवंडी. त्याचं काय?

कसला फोटो?

…रोज काम संपलं की पाठवतात होय. मला काय ठाऊक. मग, काय आहे त्या फोटोत?

जांभळी साडी. बरं. बेंगळुरात जांभळी साडी मी एकटीच नेसते वाटतं.

पदर खोचलेला. असेल.

बोट दाखवतेय? …बोट दाखवायला कायद्याची बंदी आहे का?

थांब, कुकर बंद करते.

…हं. बोल.

नाही, फोन ठेवला नव्हता. गॅसपाशी गेले होते. तुझ्या फोनला घाबरून पळणारी बाई नाही मी.

हो. मी होते. झालं? माझं दार, मी उभी राहणार नाही तर कोण राहील?

काय सांगितलं मी त्याला… काही नाही सांगितलं. स्वल्प सरकव म्हटलं. एवढंच. पाच फरश्या. पाच! सगळा फुटपाथ पिवळा केलाय ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यात माझ्या दारापुढच्या पाच काढ आणि भिंतीकडेला लाव, इथं साध्या घाल. साध्या उरल्याच होत्या त्याच्याकडं, ढीग पडला होता.

का म्हणजे? तू ह्या घरात वाढलीस आणि मला का विचारतेस?

लग्न होऊन आले ना मी ह्या घरात, दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हातात रांगोळीचा डबा दिला. म्हणाल्या, आपण इथं किती पिढ्यांचे आहोत ते कुणाला सांगत बसायला नको, दार बघून कळलं पाहिजे. तेव्हापासून एक सकाळ चुकली नाही. तुझ्या वेळी दिवस भरत आले होते तरी बसून काढलीय. सुतक सोडलं तर एक दिवस नाही. आणि तिथं हे फोड! हो, फोडच. देवी आलेल्या पोराच्या तोंडासारखी दिसत होती ती जागा. त्याच्यावर रेघ ओढायची कशी? रांगोळी घसरते, ठिपका ठिपक्यावर बसत नाही. वर येणारे-जाणारे काय म्हणतील, गोजराबाईच्या दाराला काय झालं?

हसू नको. तू हसलीस.

मग नाक ओढलं असशील.

कृष्णमूर्ती? हो, तो नाही म्हणाला आधी. "अज्जी, ड्रॉइंग आहे, साहेब ओरडतील." मी म्हटलं, तुझ्या साहेबाची मी सासू. ओरडतो कसा ते बघते. पानभर चित्रान्न वाढलं, वर कॉफी. सरी, बरं म्हणाला आणि बसला कामाला. त्याचं काय चुकलं? त्याला नको काढू म्हणावं कामावरून.

त्यालाही काढलं?

…कधी?

मला कुणी सांगितलं नाही.

काय? …हो, पाठवली होती यशोवर्धननं माणसं. आली होती.

दोनदा. हो, दोनदा.

तुला कुणी सांगितलं? आज सांगितलं? आज सकाळी? इतके दिवस तुलाही बोलला नव्हता?

पहिल्यांदा आली तेव्हा म्हटलं, सणवार आहे, नंतर या. दुसऱ्यांदा आली ती पहार घेऊनच आली. मग मी पाट टाकून बसले. तिथंच, उतारावर, फरश्यांवर. म्हटलं, उचला मला आणि मग उचला फरश्या. साहेबाच्या सासूला कोण हात लावणार? अर्धा तास उभी राहिली, फोन केले, गेली निघून. गल्लीतल्या बायका टाळ्या वाजवत होत्या म्हटलं तरी चालेल. मी आत येऊन अप्पांना सांगितलं, परत पाठवली. ते काही बोलले नाहीत.

मग त्यानं यायचं होतं! स्वतः यायचं होतं, जावई म्हणून नको, इंजिनियर म्हणून यायचं होतं. उभं राहून म्हणायचं होतं, सासूबाई, उठा, माणूस मरेल इथं. मी काय त्याला खाल्लं असतं? तोंड शिवलं होतं का त्याचं?

"त्यांच्याशी कोण बोलणार."

असं म्हणाला? …असं म्हणाला तो?

नाही, ऐकतेय. बोल तू.

…

सौम्या, सगळं तूच बोलणार असशील तर फोन भिंतीला लाव.

काय विचारलंस? परत विचार.

मला ठाऊक होतं का?

…

काय ठाऊक असायचं मला? मी काय इंजिनियर आहे? ठिपके काय नि रेघा काय…

हो.

ठाऊक होतं गं. कसं नसेल? सहा वर्षं ऐकत होते. तुझीच लेक अक्षरा यायची ना शनिवारी, अप्पा सांगायचे आणि ती अर्ज लिहायची. आमच्या रस्त्याला पट्टे द्या, उतार द्या, फरश्या द्या. मग जेवताना मला शिकवायचे. "गोजरा, रेघा म्हणजे चाल. ठिपके म्हणजे थांब. पायाला कळतं, चपलेतूनसुद्धा." मी म्हणायचे, आमटी घ्या. अठरा वेळा खेटे घातले असतील त्या ऑफिसात. काम मंजूर झालं त्या दिवशी गल्लीत पेढे वाटले त्यांनी, स्वतः काठी टेकत घरोघर जाऊन.

मला वाटलं… काय वाटलं ते सांगू? मला वाटलं, हे सगळं परक्या आंधळ्यांसाठी आहे. आपल्या माणसाला आपलं दार ठाऊक आहे. त्याला कशाला लागतायत ठिपके?

विचारलं होतं त्यांनी. पहिल्याच दिवशी. उतारावर उभे राहून पाय घासत होते इकडून तिकडं. म्हणाले, "ठिपके लागत नाहीत गं." मी म्हटलं, अजून यायच्यात फरश्या, तोवर पावलं मोजा. दारापासून नऊ.

हो, मीच सांगितलं. नऊ.

बारा दिवस मोजत गेले. तेराव्या दिवशी कुणा मेल्यानं ती स्कूटर लावली मध्ये.

मग तक्रार का केली… का केली. तू माझ्या वयाची होशील ना, तेव्हा तुला कळेल. हॉस्पिटलात बाकावर बसले होते. आत त्यांची किंकाळी ऐकू येत होती, पाय ओढत होते तेव्हा. कुणाचं तरी चुकलेलं असायला हवं होतं ना गं? यशोवर्धन समोरच उभा होता, औषधांची पिशवी घेऊन. खाली मान घालून. मला वाटलं, ह्याचंच असू दे.

…तसं रोज म्हणत गेले. पाच आठवडे म्हटलं तर खरंच वाटायला लागतं.

नाही, अप्पांना कशाला सांगायचं? त्यांना हे सांगून काय त्यांचं हाड—

थांब स्वल्प. हाक मारतायत.

काय हो? …पाणी आहे उशाशी. …मग काय पाहिजे? …सौम्या आहे फोनवर. …काय ऐकलं? …दार उघडं होतं तर होतं, तुम्ही कशाला कान… काय?

…कधी?

त्या दिवशी?

…सौम्या. आहेस? …ऐक. हे म्हणतायत, यांना ठाऊक होतं. आज नाही कळलं. तेव्हापासून. खिडकीपाशी बसले होते म्हणे त्या दिवशी. मी कृष्णमूर्तीला चित्रान्न वाढलं, काय म्हटलं, तो काय म्हणाला, सगळं शब्दन् शब्द. "पाच फरश्या भिंतीकडेला." मला म्हणून दाखवतायत आता.

हो गं. मी म्हटलं फरश्या यायच्यात, तेव्हाही ठाऊक होतं. मी नऊ म्हटलं, ते मोजत गेले.

पोलिसालाही म्हणून तसं सांगितलं. जावयाला नाही वाचवत होते.

विचारलं ना. आत्ताच विचारलं, मग बोलला का नाहीत?

…

काही नाही म्हणाले.

नाही, सांगत नाही.

सौम्या, हट्ट करू नको… म्हणाले, "तू ऐकलं असतंस?"

एवढंच. रागावून नाही. रागावून म्हणाले असते तर मी भांडले असते. पंचेचाळीस वर्षं भांडलेय, मला काय त्याचं. असं विचारलं, जसं कॉफीत साखर आहे का विचारतात.

…

आहे. आहे मी.

काय? चौकशीवाले किती वाजता येणार? अकराला ना? अजून तर…

गाडी थांबली. तीच आहे वाटतं. खिडकीतून बघते… हो. पांढरी गाडी. दोघं फाईलवाले. एक टेप घेऊन वाकलाय, पट्ट्यांची रुंदी मोजतोय. यशोवर्धन पलीकडं उभा आहे, दर्शिनीच्या खांबाला टेकून. शर्ट इस्त्रीचा नाही त्याचा. तुझं लक्ष कुठं असतं?

बरं, बरं. नाही बोलत.

आणखी एक पोरगी उतरली. काळा चष्मा. हातात पांढरी… अगं आंधळी आहे ती. तिला चालून बघायला आणलंय वाटतं. वीस-बावीसची असेल. कुणी हात धरू गेला तर झटकला तिनं. तुझ्या अप्पांची बहीण शोभेल.

निघाली. रेघांवरून येतेय आपल्या दाराकडं. झरझर येतेय गं… पाय बरोबर पडतोय. वळली उताराकडं. रांगोळीपाशी आली. …सौम्या, ती थांबत नाहीये. ती का थांबत… कशी थांबेल? फाईलवाला फोनवर बोलतोय, अरे बघ ना मेल्या! बस येतेय—

निल्ली! ए अम्मा, निल्ली! थांब! थांब तिथंच!

…

…हां… हां. आहे. थांब, दम… दम लागलाय.

धरलंय. दंडाला धरलंय मी तिला. नाही, काही झालं नाही. बस गेली. वारा लागला नुसता. तू ओरडू नको कानात.

रस्त्यावर आहे मी. फोन हातातच राहिला. चप्पल? नाही घातली.

काय म्हणतेस पोरी? …सौम्या, ती विचारतेय, "अज्जी, ठिपके कुठं आहेत?"

…इथं होते, बाळा. इथं असायला हवे होते.

पाय? पडू दे. रांगोळीवर पडला तर पडू दे, नीट रोव. हल नको.

अहो, फाईलवाले! इकडं या. फोन खिशात घाला. …त्याच्याकडं काय बघता? त्याला काय विचारता? तो नाही. मला विचारा. …मी गोजराबाई. ती ईमेल माझीच. त्यात लिहिलंय ते खोटं आहे.

नाही, चुकून नाही. चुकून काही झालेलं नाही इथं. सांगून काढल्या. मी सांगून काढायला लावल्या. त्या बघा भिंतीकडेला, पाचही. गवंड्याची चूक नाही, इंजिनियरची नाही. त्यानं दोनदा माणसं पाठवली, दोनदा मी हाकलली. विचारा गल्लीत कुणालाही, सगळ्या बायका बघत होत्या. …आता कशाला आत पळता गं? बाहेर या, सांगा ह्यांना!

सौम्या… तो येतोय रस्ता ओलांडून. यशोवर्धन. …नाही, फोन देत नाही त्याला. काय बोलू? माफी मला मागता येत नाही, कधी मागितली नाही. …"सासूबाई, आत चला, ऊन आहे" म्हणतोय. बघ. ह्यालाच तर मी… नाही जायची मी आत. उभी राहते.

हो, अप्पांनी ऐकलं असेल. खिडकी उघडीच आहे. ऐकू देत.

बरं, ठेव आता. ठेव गं, मग कर. हे लोक कागद पुढं करतायत, माझं म्हणणं लिहून घेतलंय म्हणे, खाली… काय हो? ही कसली डबी? शाई? अंगठ्याला?

ती डबी ठेवा खिशात. दुसरी शिकलेय मी, सही येते. पेन द्या. पूर्ण नाव लिहिते, गोजराबाई रघुजी लाड. वेळ लागेल. थांबा.